मोमिनाबाद या नावाने शोधा: इतिहासाच्या प्राध्यापकांसाठी ग्रंथालयातील साधने

मॅडम, आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपण तालुक्याच्या ठिकाणी एका अनुदानित महाविद्यालयात इतिहास शिकवता, निजामकाळातील अंबाजोगाई परिसराच्या सामाजिक इतिहासावर संशोधन सुरू करण्याचा आपला विचार आहे, ग्रंथालयात इतिहासाची जेमतेम तीन कपाटे आहेत आणि त्यांतील बहुतेक पुस्तके परीक्षेपुरती आहेत, अशा स्थितीत संशोधनासाठी आणि वर्गात शिकवण्यासाठी ग्रंथालयाकडून नेमके काय मागावे? मी 26 वर्षे मराठवाड्यातील महाविद्यालयांत ग्रंथपाल म्हणून काम केले आहे आणि जवळजवळ याच शब्दांत हा प्रश्न अनेक प्राध्यापकांनी मला विचारला आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

पहिली गोष्ट अशी की आपल्या भागाची साधने कमी नाहीत, ती विखुरलेली आहेत, आणि ती का विखुरली हे समजल्याशिवाय ती सापडत नाहीत. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यानंतर 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात राहिला, पुढे द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. माणसे आणि जमीन इकडे आली. कारभाराचे कागद मात्र मोठ्या प्रमाणात हैदराबादेतच राहिले. पश्चिम महाराष्ट्रातील संशोधक कोणत्याही जिल्ह्याचे काम हाती घेतो तेव्हा कँबेलने संपादित केलेले मुंबई इलाख्याचे गॅझेटियर उघडतो. त्यात अहमदनगर आहे, सोलापूर आहे, खानदेश आहे. बीड नाही, परभणी नाही, नांदेड नाही, कारण हे जिल्हे त्या इलाख्यात नव्हतेच. नवे प्राध्यापक तिथे शोधतात, काही मिळत नाही, आणि आपल्या भागावर काही लिहिलेच गेले नाही अशी त्यांची समजूत होते.

हीच फाळणी आपल्या ग्रंथालयाच्या कपाटांतही झालेली असते. ड्युई दशांश वर्गीकरणानुसार महाराष्ट्राचा इतिहास 954.792 या क्रमांकाखाली जातो आणि हैदराबादविषयीची पुस्तके पुष्कळदा आंध्र प्रदेशाच्या 954.84 या क्रमांकाखाली, म्हणजे चार खण पलीकडे, ठेवलेली असतात. मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांची आत्मचरित्रे चरित्रांच्या कपाटात, नाणी 737 मध्ये, महानुभाव आणि संतवाङ्मय 891.46 मध्ये मराठी साहित्याबरोबर. त्यामुळे केवळ इतिहासाची तीन कपाटे पाहून संग्रहाचा अंदाज बांधू नये. ग्रंथपालांना पुस्तकाचे नाव सांगण्याऐवजी आपला संशोधनाचा प्रश्न सांगा; चांगला ग्रंथपाल तो प्रश्न ऐकून पाच वेगवेगळ्या कपाटांकडे जातो.

आता नावांविषयी, कारण सर्वांत जास्त वेळ इथेच वाया जातो. माझ्या ओळखीच्या एका प्राध्यापकांनी 1901 च्या जनगणनेच्या अहवालात अंबाजोगाई शोधण्यात दोन दिवस घालवले होते. ते माझ्या टेबलाशी आले तेव्हा बीड जिल्ह्याचे पान उघडेच होते. मी तालुक्यांच्या रकान्यात ‘मोमिनाबाद’वर बोट ठेवले आणि त्यांच्या समोरच असलेली ओळ त्यांना प्रथमच दिसली. निजामकाळातील कागदांत आपले गाव बहुधा मोमिनाबाद या नावाने येते. धाराशिवचा जिल्हा त्याच अहवालात नळदुर्ग या नावाने आहे, नंतर उस्मानाबाद आणि आता पुन्हा धाराशिव. लातूर जिल्हा 1982 मध्ये उस्मानाबादेतून, जालना 1981 मध्ये औरंगाबादेतून आणि हिंगोली 1999 मध्ये परभणीतून वेगळा झाला. म्हणून या जिल्ह्यांचा जुना मजकूर मूळ जिल्ह्यांच्या नावाखाली शोधावा लागतो. इंग्रजी स्पेलिंगचा घोळ त्याहून मोठा. मराठवाडा हा शब्दच जुन्या इंग्रजी कागदांत ‘मराठवारा’ असा लिहिलेला आढळतो, बीडचे ‘बीर’ किंवा ‘भीर’ होते आणि नांदेडचे ‘नांदेर’. माझा सल्ला असा की संशोधन सुरू करण्यापूर्वी एका वहीत आपल्या परिसरातील प्रत्येक गावाची सगळी जुनी-नवी नावे, त्यांची इंग्रजी रूपे आणि त्या गावाचा जिल्हा कोणत्या काळात कोणता होता, एवढे लिहून काढावे. ही वही पुढे कोणत्याही महागड्या ग्रंथापेक्षा जास्त उपयोगी पडते.

दुसरा गोंधळ अलीकडे वाढला आहे. सप्टेंबर 2025 मधील शासन निर्णयानंतर ‘हैदराबाद गॅझेट’ हा शब्द घरोघरी पोहोचला आणि ग्रंथालयात येऊन लोक ‘ते गॅझेट दाखवा’ असे म्हणू लागले. विद्यार्थीही हाच प्रश्न आपल्याला विचारतील, म्हणून इतिहासाच्या शिक्षकाने त्यातील भेद स्पष्ट करून सांगणे आवश्यक आहे. गॅझेट म्हणजे सरकारचे राजपत्र, ज्यात नेमणुका, आदेश आणि कायदे छापले जातात. हैदराबाद संस्थानाचे राजपत्र ‘जरीदा’ या नावाने उर्दूत निघत असे. गॅझेटियर म्हणजे प्रदेशाचे भूगोल, लोक, शेती, व्यापार आणि इतिहास यांचे वर्णन करणारा कोश. औरंगाबाद जिल्ह्याचे गॅझेटियर 1884 मध्ये छापले गेले आणि इंपीरियल गॅझेटियरच्या प्रांतिक मालिकेतील हैदराबाद संस्थानाचा खंड 1909 चा आहे. जनगणनेचा अहवाल ही तिसरीच गोष्ट. तिन्ही साधने वेगवेगळ्या हेतूंनी तयार झालेली आहेत आणि प्रत्येकाचे वाचन वेगळ्या सावधगिरीने करावे लागते. महाराष्ट्र शासनाने नंतर काढलेली परभणी, बीड, नांदेड, उस्मानाबाद आणि औरंगाबाद या जिल्ह्यांची गॅझेटियर 1967 ते 1977 या काळातली आहेत. ती आधीच्या साधनांवर आधारलेली असल्यामुळे सुरुवातीला वाचण्यास उत्तम, पण पुरावा म्हणून त्यांच्यावर थांबू नये.

लिपी, भाषा आणि कालगणना यांवर मी जास्त लिहिणार आहे, कारण इथे झालेली चूक छापल्या जाणाऱ्या शोधनिबंधात तशीच राहते. हैदराबादच्या कारभाराची भाषा 1880 च्या दशकापर्यंत फारसी होती आणि त्यानंतर उर्दू झाली. गावपातळीवरचे कागद बराच काळ मोडीत आणि मराठीत लिहिले जात. तारखा फसली या महसुली सनात असत. हैदराबादचे फसली वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे 6 ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होई. पुढे दय, बहमन, इस्फंदार असे इराणी महिने येत आणि आबान हा शेवटचा. फसली सनात 590 मिळवले की इसवी सन येतो असे सगळे सांगतात, पण ते फक्त ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांपुरते खरे आहे. जानेवारीपासून पुढे 591 मिळवावे लागतात.

काही वर्षांपूर्वी एका स्वातंत्र्यसैनिकाच्या घरून कागदांचे एक गाठोडे ग्रंथालयात आले होते. त्यात उर्दूतील एक बोलावणे होते, पिवळे पडलेले, मधोमध घडीवर फाटलेले, आणि खाली तारीख होती खुर्दाद 1357 फसली. विद्यार्थ्याने 590 मिळवून ‘1947’ असे टिपून घेतले होते. खुर्दाद हा सातवा महिना, म्हणजे एप्रिलच्या आसपासचा. त्यामुळे तो कागद एप्रिल 1948 चा ठरतो. 1947 चा एप्रिल म्हणजे देश स्वतंत्र होण्यापूर्वीचा काळ आणि 1948 चा एप्रिल म्हणजे रझाकारांच्या अत्याचारांचा आणि सरहद्दीवरील कॅम्पांचा काळ. एका आकड्याने त्या बोलावण्याचा सगळा अर्थच बदलत होता. म्हणून आपल्या ग्रंथालयात फसली, शुहूर, हिजरी आणि शक या सनांचा मेळ देणारी एक जंत्री असलीच पाहिजे आणि ती कपाटात न ठेवता वाचनकक्षाच्या टेबलावर ठेवली पाहिजे. मोडीसाठी राज्य पुराभिलेख संचालनालयाचे प्रशिक्षण वर्ग होतात; उर्दूसाठी मात्र आपल्याच गावातील निवृत्त उर्दू शिक्षकांची मदत घ्यावी, असे मी अनुभवाने सांगतो. जुन्या शिकस्ता लिखावटीची सवय असलेली ती पिढी आता फार थोडी उरली आहे.

मूळ कागदांसाठी तीन ठिकाणे ध्यानात ठेवा. हैदराबादेतील तारनाका येथील तेलंगण राज्य पुराभिलेखागार हे सर्वांत महत्त्वाचे. शाहजहान आणि औरंगजेब यांच्या काळातील दख्खनच्या मोगली कारभाराच्या फारसी कागदांपासून आसफजाही, म्हणजे निजामांच्या, दप्तरापर्यंतचा संग्रह तिथे आहे. महाराष्ट्र पुराभिलेख संचालनालयाचे मुख्य दप्तर मुंबईत आणि एक शाखा छत्रपती संभाजीनगरात आहे. तिसरे ठिकाण दिल्लीतील राष्ट्रीय अभिलेखागार, आणि आपल्या विषयासाठी ते विशेष उपयोगी आहे. कारण मोमिनाबादेत हैदराबाद कंटिन्जंट या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेची छावणी होती आणि हैदराबाद रेसिडेन्सीचे, म्हणजे तिथल्या ब्रिटिश प्रतिनिधीच्या कचेरीचे, कागद दिल्लीत आहेत. छावणी असली की तिचा बाजार, पाणी, साथीचे रोग, दारूचे ठेके, धान्याचे भाव या सगळ्यांचा पत्रव्यवहार असतो, आणि सामाजिक इतिहासाला नेमके हेच लागते. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या शोध घेता येतो. प्रत्यक्ष जाताना प्राचार्यांचे पत्र, ओळखपत्र आणि विषयाची नेमकी मांडणी बरोबर असावी. हे पत्र ग्रंथपालांशी बोलून तयार केले तर त्यात कोणत्या खात्याचे आणि कोणत्या वर्षांचे कागद हवेत हे स्पष्ट लिहिता येते.

छापील साधनांत आपल्या भागापुरते सांगायचे तर सेतुमाधवराव पगडी यांचे ग्रंथ आधी मागवा. पगडी मूळचे निलंग्याचे, हैदराबाद संस्थानात प्रशासकीय अधिकारी होते, आणि फारसी साधने मराठीत आणण्याचे त्यांनी केलेले काम आजही फारसी न येणाऱ्या संशोधकाचा मोठा आधार आहे. गुलाम यझदानी यांच्या कारकिर्दीत 1914 पासून निघालेले निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे वार्षिक अहवाल, शं. गो. तुळपुळे यांनी संपादित केलेले प्राचीन मराठी कोरीव लेख, आणि लीळाचरित्र ही साधनेही हवीत. लीळाचरित्राला मी मुद्दाम इतिहासाच्या यादीत घातले आहे: तेराव्या शतकातील गोदाकाठची गावे, रस्ते, अन्न, जातींचे व्यवहार आणि रोजची भाषा इतक्या जवळून दाखवणारे दुसरे साधन आपल्याकडे नाही. श्रीनिवास रित्ती आणि शेळके यांनी संपादित केलेला नांदेड जिल्ह्यातील शिलालेखांचा ग्रंथ 1968 मध्ये नांदेडच्या यशवंत महाविद्यालयाने प्रकाशित केला होता. जिल्ह्यातील महाविद्यालयाने केलेले हे काम आजही संदर्भासाठी उघडले जाते, आणि लहान गावात काम करणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाला मी तो ग्रंथ हातात देतो.

मुक्तिसंग्रामासाठी स्वामी रामानंद तीर्थ यांच्या आठवणी आणि अनंत भालेराव यांचा हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा हा ग्रंथ अनिवार्यच. स्वामीजींनी मोमिनाबादच्या योगेश्वरी शाळेत काम केले असल्यामुळे आपल्या विषयाशी त्यांचा थेट संबंध येतो.

इलेक्ट्रॉनिक साधनांविषयी फार गाजावाजा होतो, म्हणून थोडक्यात आणि व्यवहाराचे सांगतो. अनुदानित महाविद्यालयांना इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्ट या ई-पुस्तके आणि ई-नियतकालिकांच्या योजनेत वर्षाला काही हजार रुपयांत सभासद होता येते. आपले महाविद्यालय सभासद असूनही आपल्याला पासवर्ड मिळालेला नसण्याची शक्यता पुष्कळ आहे, तेव्हा आधी तोच मागा. 2025 पासून सुरू झालेली ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ ही योजना सरकारी संस्थांसाठी आहे. जवळच्या विद्यापीठात ती उपलब्ध असेल तर तिथे बसून वाचण्याची सोय विचारून पाहावी. जेस्टोर या शोधनियतकालिकांच्या संकेतस्थळावर मोफत वैयक्तिक खाते उघडले की दरमहा 100 लेख पडद्यावर वाचता येतात. शोधगंगेवर मराठवाड्यातील विद्यापीठांचे शेकडो प्रबंध आहेत, पण त्यांतील अनेक मराठी प्रबंध जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असल्याने आतला मजकूर शोधाला सापडत नाही. तिथे मार्गदर्शकाच्या नावाने, विभागाच्या नावाने आणि इंग्रजी अक्षरांतील शीर्षकाने शोधावे. इंटरनेट अर्काइव्हवर हैदराबादचे जनगणना अहवाल आणि प्रशासन अहवाल आहेत, परंतु शीर्षके पुष्कळदा तुटकी असतात. उर्दू पुस्तकांसाठी रेख्ता हे संकेतस्थळ पाहा. उतरवून घेतलेल्या प्रत्येक फाइलला लगेच वर्ष आणि नाव द्या, नाहीतर दोन महिन्यांनी आपल्याच संगणकात तिचा शोध घ्यावा लागतो.

वर्गाविषयी आपण विचारले आहे की विद्यार्थ्यांपर्यंत ही साधने कशी न्यावीत. मी प्राध्यापकांबरोबर प्रत्येक घटकासाठी एक फाइल तयार करत आलो आहे. तिच्यात चार-पाच पानांपेक्षा जास्त काही नसते. दुष्काळाच्या घटकाच्या फाइलमध्ये जनगणनेचे एक पान आहे: हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या 1891 मध्ये 1,15,37,040 आणि 1901 मध्ये 1,11,41,142. विद्यार्थ्यांना वजाबाकी करायला सांगायची. 3,95,898 हा आकडा फळ्यावर आला की वर्गात शांतता पसरते, कारण दहा वर्षांत वाढायला हवी ती संख्या जवळपास चार लाखांनी घटलेली दिसते. मग प्रश्न आपोआप येतात: सगळे मेले का, काही स्थलांतर करून गेले का, मोजणीत चूक झाली का, कोणत्या जिल्ह्यात घट जास्त होती? शेवटच्या प्रश्नासाठी मुले जिल्हावार कोष्टक मागतात आणि ग्रंथालयात येतात. भाषण देऊन ही मुले कधीच आली नव्हती.

पोलीस कारवाईच्या घटकात मी तीन वेगवेगळे उतारे ठेवतो: एक मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्याच्या आठवणींतला, एक सरकारी निवेदनाचा, आणि एक पोलीस कारवाईनंतरच्या हिंसाचाराची चौकशी करणाऱ्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीच्या अहवालातला, जो अनेक दशके प्रसिद्ध झाला नव्हता. हा विषय आजही अनेक घरांत जिवंत दुःखाचा आहे. वर्गात दोन्ही बाजूंच्या कुटुंबांतील मुले बसलेली असतात. म्हणून उतारे आधी शिक्षकाने पूर्ण संदर्भासह वाचावेत आणि ‘हा मजकूर कोणी, केव्हा, कोणासाठी लिहिला’ या प्रश्नापासूनच चर्चा सुरू करावी. अंबाजोगाईला तर आपल्याला बसभाड्याचाही प्रश्न नाही: यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याच्या काळातील लेख तिथे आहेत, मुकुंदराजांची समाधी आहे, दासोपंतांची पासोडी आहे. लेखाचे वाचन ग्रंथातून आधी घेऊन मुलांना दगडासमोर उभे करा. त्या अक्षरांवरून बोट फिरवलेला विद्यार्थी साधन म्हणजे काय हे विसरत नाही.

ग्रंथखरेदीत एक काळजी घ्या. इतिहास विभागाची यादी नेहमी मार्चमध्ये येते, तेव्हा निधी संपवण्याची घाई असते आणि विक्रेत्याकडे जे शिल्लक असेल ते कपाटात येऊन पडते. यादी जुलैमध्येच द्या, प्रकाशक आणि आवृत्तीसह द्या, आणि जे पुस्तक आता छापले जात नाही त्यापुढे तसे लिहा, म्हणजे जुन्या पुस्तकांच्या बाजारात किंवा आंतरग्रंथालयीन देवघेवीत ते शोधता येते.

सर्वांत महत्त्वाचे काम मात्र खरेदीचे नाही. स्थानिक साप्ताहिकांचे अंक, शाळांच्या आणि सहकारी संस्थांच्या स्मरणिका, गौरवग्रंथ, यात्रांची आणि सभांची पत्रके, नामांतराच्या आंदोलनातील हस्तपत्रके, 1972 च्या दुष्काळातील रोजगाराच्या कामांवरच्या हजेऱ्या, हे कोणत्याही प्रकाशकाच्या यादीत मिळत नाही आणि कोणतेही मोठे अभिलेखागार ते गोळा करत नाही. एका संस्थेने इमारतीची रंगरंगोटी करताना एका साप्ताहिकाचे 20 वर्षांचे बांधीव अंक रद्दीवाल्याला दिले. मी पोहोचलो तेव्हा शेवटचे दोन खंड हातगाडीवर होते, तेवढेच वाचले. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या इतिहास प्राध्यापकांना हात जोडून सांगत आलो आहे की आपण गावोगावी मुलाखती घ्यायला जाता तेव्हा त्या घरातील माळ्यावर काय आहे हेही विचारा.

मूळ कागद घरमालकांना द्यायचे नसतील तर आग्रह करू नये. तिथेच खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे आणि पहिल्या छायाचित्रात एक चिठ्ठी ठेवावी, जिच्यावर गाव, कोणाकडे कागद आहेत, तारीख आणि कागदांचे वर्णन लिहिलेले असेल. त्या फाइलींची एक प्रत आणि घरमालकांचे लेखी संमतिपत्र ग्रंथालयात जमा करावे. ग्रंथपालांनी त्याची दाखल नोंदवहीत पुस्तकाप्रमाणेच क्रमांक देऊन नोंद करावी. आपण हैदराबादेहून किंवा दिल्लीहून आणलेल्या प्रतींचेही असेच करावे, दप्तराचे नाव आणि फाइल क्रमांक यांच्यासह. आपल्या आधी त्याच महाविद्यालयात काम केलेल्या एखाद्या प्राध्यापकांनी अशा प्रती आणल्या असतील तर निवृत्तीनंतर त्या त्यांच्या घरीच असण्याची शक्यता फार मोठी आहे. पुढच्या आठवड्यात आपल्या ग्रंथपालांना बरोबर घेऊन आधी त्यांच्याच घरी जा.